दादाचा डबा गोठत नव्हता

दारू गोठत नाही, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळेत शिकवलं असेल, पण तेव्हा कोणाचं लक्ष होतं! पाण्याचा बर्फ होतो, रसाचा होतो, दारूचा घरच्या फ्रीझरमध्ये काही केल्या होत नाही. म्हणून तर गोळा जमतो. रसात दारूचं प्रमाण बरोबर पडलं की डब्यात दगडही होत नाही आणि पाणीही राहत नाही. मऊ, भुसभुशीत, चमच्याने उचलावं असं काहीतरी तयार होतं. भाचेमंडळी त्याला स्लश म्हणतात. बाकी सगळे सरळ दारूचा गोळाच म्हणतात. मे महिन्यातल्या चारही रविवारी वसईतल्या आमच्या सांडोरच्या वाडीत वीसेक नातेवाईक जमतात, त्यांच्यासाठी तो करायचं काम माझं. दुसऱ्या कोणाच्या हातात मी गोळा खरवडायचा काटा देत नाही. एकदा चुलतभावाला दिला, तर त्याने अर्धी बाटली ओतून ठेवली आणि संध्याकाळी सगळ्यांना सरबत प्यावं लागलं. त्याला मी अजून ऐकवते.

एक वाटी व्होडका, चार वाट्या रस. कलिंगड असेल तर लिंबू जास्त, करवंदं असतील तर साखर जास्त. शनिवारी संध्याकाळी मी एव्हरशाईनच्या माझ्या फ्लॅटवरून रिक्षा करून माहेरी यायची, रस काढून स्टीलचे पसरट डबे भरायची आणि मागच्या पडवीतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवायची. तो फ्रीझर दादाने एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणला होता. रात्री झोपण्याआधी एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा सगळे डबे काट्याने खरवडायचे. बस्स, एवढीच विद्या.

चार डबे दारूचे आणि एक डबा बिनदारूचा, लाल झाकणाचा. तो दादाचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. वाडीत केळी, पानवेली, सोनचाफा, आणि घरात तो आणि आई. मी लग्न होऊन वसईतच पूर्वेला पडले, म्हणून येणंजाणं राहिलं. दादा प्यायचा. कधी भांडला नाही, कधी रस्त्यात पडला नाही. शांतपणे बसून पीत राहायचा, आणि आम्ही सगळे म्हणायचो, बिचारा कोणाला त्रास देत नाही. मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं आणि तीन आठवडे तो हॉस्पिटलात होता. सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "एक घोटसुद्धा नाही. पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही." त्या गोष्टीला गेल्या मे महिन्यात चौदा महिने झाले होते. चौदा महिने दादाने थेंब घेतला नव्हता. हात थरथरायचे थांबले होते. पहाटे उठून फुलं काढायला लागला होता. मी नास्तिक बाई, पण रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मनात म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे.

म्हणून त्याचा डबा वेगळा. कैरीचं पन्हं, जिरं, काळं मीठ, नावाला साखर. त्यात दारू नसल्यामुळे तो दगडासारखा गोठायचा. काटा मारून मारून माझं मनगट दुखायचं, पण त्या दुखण्याचं मला समाधान होतं. घट्ट गोठलाय ना, मग सगळं ठीक आहे.

आता राखणदाराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या वाडीच्या मागे बावखल आहे. म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, इकडे जुन्या वाड्यांमध्ये असायचंच. पाणी हिरवंगार, वर आंब्याची सावली, आणि काठावर शेंदूर लावलेला एक दगड. तो वाडीचा राखणदार. घरात बाटली उघडली की पहिला पेला त्याचा. नुसती दारू, पाणी नाही, बर्फ नाही. भर दुपारी बारा वाजता नेऊन ठेवायचा आणि पाठ फिरवून परत यायचं, मागे बघायचं नाही. अर्ध्या तासाने जाऊन पेला आणायचा आणि त्यात उरलेलं घरच्या कर्त्या पुरुषाने प्यायचं. तो प्रसाद. बाबा होते तोवर ते प्यायचे. आम्ही मुलं हसायचो, बाबांची पिण्याची सोय म्हणून. पेलाही ठरलेला, बाबांचा काचेचा, काठाखाली सोनेरी रेघ असलेला. त्या रेघेपर्यंत भरायचा.

बाबांना मधुमेह झाला, डॉक्टरांनी दारू बंद केली. त्या वर्षी त्यांनी प्रसाद केळीच्या बुंध्यात ओतला. पाऊस लागायच्या आत बाबा गेले. झोपेत. आईच्या डोक्यात हे पक्कं बसलं. तिच्याकडे आणखी एक पुरावा होता, माझी आत्या. माहेरपणाला आलेली असताना तिने गंमत म्हणून त्या पेल्यातला घोट घेतला होता. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची, राखणदार तिला ओळखत नाही. त्याच वर्षी गणपतीच्या आधी आत्या गेली. कावीळ झाली होती तिला, पण आई कावीळ जमेस धरतच नाही.

दादा आजारी पडल्यावर पेला ठेवायचं काम आईने घेतलं. मी म्हटलं, प्रसादाचं काय? आई म्हणाली, "मी बघते." मीही बरं म्हटलं. नसत्या वादात कोण पडणार!

पहिल्या रविवारी सकाळी दादाचा डबा मी स्वतः खरवडला होता. दगड होता. दुपारी चारला गोळे वाटायला फ्रीझर उघडला, लाल झाकण काढलं, आणि आत चिखल. मऊ, ओला, डचमळणारा. मला वाटलं लाइट गेली असेल. पण लाइट गेली नव्हती. म्हटलं जाऊ दे, उकाडा केवढा आहे. वाटी भरून दादाला दिली. आई त्याच्यासमोर पदराने वारा घेत उभी होती. दादाने एक चमचा तोंडात घेतला, आईकडे बघितलं, आणि सगळी वाटी संपवली.

दुसऱ्या रविवारी तेच. सकाळी दगड, दुपारी चिखल. त्या वेळी मी नीट बघितलं. शेजारी बर्फाचा ट्रे होता, तो खडखडीत. म्हणजे फ्रीझर ठीक होता. फक्त लाल झाकणाचा डबा विरघळत होता. मी बोट बुडवून चाखलं. आंबट, खारट, जिऱ्याचं. सकाळपासून दारूचे डबे चाखून जीभ बधिर झालेली, तिला काय कळणार! पण अंगावर सर्रकन काटा आला. भर उन्हाळ्यात, घाम निथळत असताना.

त्याच दिवशी, डबा उघडायच्या आधी, मी नुसत्या कुतूहलाने आणखी एक केलं, जे करायला नको होतं. बारा वाजता आई पेला ठेवून परत आली, आणि मी वीस मिनिटांनी हळूच बावखलाकडे गेले. त्या वेळी तिथे कसं असतं ते सांगून पटणार नाही. घरात वीस माणसं बोलत असतात आणि पन्नास पावलांवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. केळीचं पान हलत नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. दगडासमोर पेला उभा होता आणि सोनेरी रेघेपासून चांगली दोन बोटं खाली गेला होता. आजूबाजूची माती कोरडी. मुंगी नाही. मी उभी राहून बघत होते, आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की आपण कोणाच्या तरी जेवणाच्या मध्ये आलोय. मी पळत परत आले. हो, पळत. चपला तिथेच राहिल्या.

उन्हाने उडते, असं मनाला समजावलं. म्हणून घरी एव्हरशाईनला येऊन मी तीच दारू तसल्याच पेल्यात ओतली आणि भर बाराला बाल्कनीत ठेवली. अर्धा तास घड्याळ लावून बसले. केसभरही खाली गेली नाही. नवऱ्याने विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, डोंबल.

माझा संशय दादावर गेला. आणखी कोणावर जाणार? पेला कमी होतो, त्याचा डबा मऊ पडतो, आणि दुसऱ्या रविवारपासून तो वाटी घेऊन एकटाच बावखलाकडे जाऊन बसायला लागला होता. "इथे खा ना सगळ्यांत," म्हटलं तर म्हणे, तिकडे गार वाटतं. मी त्याच्याशी बोलताना जवळ जाऊन श्वास हुंगायला लागले. त्याला कळत होतं. तो मुद्दाम थोडा पुढे वाकायचा, मला सोपं जावं म्हणून. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिसऱ्या रविवारी मी सकाळपासून काही चाखलं नाही. चार वाजता लाल झाकण काढलं, चमचाभर घेतलं आणि तोंडात विरघळू दिलं. शेवटी घशात जाळ उतरला. माझं डोकंच फिरलं. सगळे अंगणात बसलेले, पोरं पत्ते खेळतायत, आणि मी तो डबा घेऊन बाहेर आले आणि दादाच्या पायाशी आपटला.

"पुन्हा सुरू केलीस ना? आमच्यासमोर! ह्या डब्यातून! लाज नाही वाटत तुला?"

दादा डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला वाटतं ना तसं, मग तसं समज."

"चौदा महिने मी देवाला न मानता हात जोडतेय तुझ्यासाठी!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि फडकं आणून सांडलेलं पुसायला लागला. आई दारात उभी होती. ती मध्ये पडली नाही, मला गप्प बस म्हणाली नाही. ती फक्त जमिनीवर सांडलेल्या त्या गोळ्याकडे बघत होती, जणू घरातलंच कोणीतरी तिथे पडलंय.

चौथ्या रविवारी मी ठरवलं, आज लपून बघायचं. साडेअकराला सांगितलं की ताडगोळे आणायला जाते, आणि मागून फिरून पडवीत आले. तिथे केळीचे घड टांगलेले असतात, त्यांच्या मागे बसले. घामाने डोळे चुरचुरत होते. बारा वाजता आई पेला घेऊन गेली, हात हलवत परत आली. मग कोणी नाही. दादा येईल म्हणून मी कान टवकारून बसले होते. फ्रीझरची घरघर तेवढी चालू होती, आणि मध्येच तीही थांबली.

साडेबाराला पावलं वाजली. आई होती. दोन्ही हातांत बाबांचा पेला, वर केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला. तिने फ्रीझर उघडला, लाल झाकण काढलं, माझ्याच काट्याने बर्फात भोकं पाडली, आणि पेला कलता केला. ओतताना ती दादाला लहानपणी ज्या नावाने हाक मारायची त्या नावाने हळू बोलत होती. चाळीस वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरच्या बोलीत म्हणत होती, "घे रे बाळा. तुझा वाटा आहे. घे आणि राहा."

"आई!"

ती दचकली नाही. "ओरडू नको. सांडेल," म्हणाली.

"अगं, दारू आहे ती! डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला माहीत नाही?"

"राखणदारासमोर ठेवून आणली की ती दारू राहत नाही." आईचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "तुझ्या बाबांनाही डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घेऊ नका. नाही घेतली. राहिले का?"

माझा आवाज ऐकून दादा आला होता. दारात उभा राहून तो म्हणाला, "तिला बोलू नकोस. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्या रविवारी पहिल्या चमच्यालाच कळलं."

"मग थुंकला का नाहीस?"

"आई समोर उभी होती. वाटी रिकामी होईपर्यंत हलली नाही." तो भिंतीला टेकला. "पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. मग ठरवलं, वाटी घ्यायची आणि बावखलात ओतायची. तिला कळायला नको."

आईने मान वर केली. "ओतलीस?"

त्याने नजर खाली घातली.

"खाल्ली नाहीस तू? ओतलीस?" तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या लेखी तिच्या मुलाने बाबांनी केलं तेच केलं होतं. पाऊस तर आठ-दहा दिवसांवर आलेला. तिने त्याचं मनगट धरलं आणि पेला त्याच्यासमोर केला. तळाशी दोन घोट उरले होते. "आता घे. माझ्यासमोर घे. एवढंच घे, मग नाही सांगणार कधी. बाळा, मला पुन्हा ते बघायला लावू नको."

ती रडत होती. आणि माझ्या दादाने, चौदा महिने पहाटे उठून फुलं काढणाऱ्या दादाने, हात पुढे केला. आईचं मन मोडवत नाही म्हणून केला असेल, असं मी आधी म्हणायची. पण मी त्याचे डोळे बघितले होते. तो आईकडे बघत नव्हता, पेल्याकडे बघत होता.

मी पेला हिसकावला आणि तोंडाला लावला. विचार केला वगैरे काही नाही. कोमट, जहाल, आणि त्याला मातीचा वास होता. दोन्ही घोट गिळले आणि पेला उलटा करून दाखवला.

"झाला प्रसाद! घरच्या माणसानेच घेतला. मी काय रस्त्यावरची आहे?"

मला वाटलं आता आई किंचाळेल. माझ्या तोंडात बोटं घालून ओकायला लावेल. आत्याची गोष्ट तिनेच मला शंभरदा सांगितली होती, आणि पेला माझ्या हातात आल्यापासून तो तोंडाला लागेपर्यंत ती हातभर अंतरावर उभी होती. तिने हात उचलला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं, आणि तिचा श्वास सुटला. मग माझ्या हातातून पेला घेतला, मोरीवर जाऊन धुतला आणि पालथा घातला.

"झालं," ती म्हणाली. "आता त्याला काही होणार नाही."

त्या दिवशी दादाच्या डब्यातलं सगळं मी नळाखाली वाहून घालवलं. त्याच्या पुढच्या रिपोर्टात काही वाईट निघालं नाही. राखणदाराला आता नारळ ठेवतो. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. एक गोष्ट तेवढी राहिली. नंतर मी दादाला विचारलं, तू तो पेला कधी उचलला होतास का, खरं सांग. तो म्हणाला, बारा वाजता मी तिकडे फिरकतही नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी काय सगळा ओतायची? मी जायची तेव्हा अर्धाच असायचा." आणि कांदा चिरायला लागली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या पावसाळ्यात मी रक्त तपासून घेतलं. जिना उतरताना कठडा धरायला लागले. आरशात डोळे ओढून बघायची, पिवळे दिसतात का. दुपारी बारा वाजता फ्लॅटमध्ये एकटी असले की टीव्ही मोठ्याने लावायची.

आणि आईचे फोन सुरू झाले. आई कधी आपणहून फोन करत नसे, बॅलन्स जातो म्हणून. आता रोज सकाळी साडेसहाला.

"उठलीस?"

"उठले."

"बरं." आणि कट.

जून, जुलै, ऑगस्ट. एक दिवस चुकला नाही. पहिल्यांदा हसू यायचं, मग राग यायला लागला. एका सकाळी मी फोन वाजू दिला. उचललाच नाही. म्हटलं, कळू दे जरा. तो अकरा वेळा वाजला. आठच्या आत दाराची बेल वाजली. बाहेर आई. पावसात भिजलेली, पायात चपला वेगवेगळ्या, रिक्षावाला मागे पैशासाठी उभा. मला बघून ती चपलांच्या कपाटावरच बसली. माझा हात घट्ट धरून ठेवला.

मग म्हणाली, "मला तेव्हा तुला अडवता आलं असतं."

"हो, आई," मी म्हटलं. "मला माहीत आहे."